सासूबाईंचा डावा हात

ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणायचे, आणि मनातल्या मनात तिला ते आवडायचं. वय काही सासू होण्याचं नव्हतं. स्वतःचं पोरगं अजून शाळेत जात होतं, तेही रोज एक बूट शोधत. पण टेस्टरचं कामच सासूचं. डेव्हलपरनं जीव ओतून काहीतरी रांधून आणायचं आणि हिनं चष्मा नाकावर सरकवून विचारायचं, "हे असं का?" एकदा दाबायचं बटण चारदा दाबून बघायचं. नावाच्या जागी आकडे टाकायचे, आकड्यांच्या जागी शिव्या. ऐन कामात इंटरनेटची वायर उपटायची आणि बिचारं सॉफ्टवेअर कसं तडफडतं ते हाताची घडी घालून पाहत बसायचं.

समोरच्या टेबलावर तिचा डेव्हलपर. चांगला दाढीवाला, दारातून वाकून आत येणारा उंचापुरा गडी. ती सासू म्हटल्यावर त्याचं नाव आपोआपच सूनबाई पडलं.

"सूनबाई, मीठ जास्त झालंय," ती मान वर न करता म्हणायची.

"चाखलंत तरी का सासूबाई?"

"वासावरूनच कळतं. तारीख उलटी टाकली की तुझं सगळं घर कोसळतंय बघ."

मग तो खुर्ची ढकलत यायचा, दाढी खाजवत स्क्रीनकडे बघायचा आणि एक लांब सुस्कारा सोडून परत जायचा. भांडण असं कधी नाही. त्याला ठाऊक होतं, हिनं पास केलेलं पुढे कुठे अडत नाही. सगळ्या ऑफिसालाच ते ठाऊक होतं.

गंमत म्हणजे घरी तिची खरीखुरी सासू होती आणि ती गाईसारखी गरीब. तिनं जन्मात कुणाच्या कामात खोट काढली नव्हती. "सासू मी आणि नाव तुझं," असं म्हणून म्हातारी हसायची. "वापर बाई. माझ्याकडे नुसतंच पडून आहे."

तर झालं असं, की तिच्या कंपनीनं एका मोठ्या सरकारी दवाखान्यासाठी नंबराचं काम केलं. काम दिसायला अगदी साधं. पेशंट आला की मशीनमधून चिठ्ठी घेतो, चिठ्ठीवर नंबर असतो. तो बाकावर बसतो आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत राहतो. समोर दोन खिडक्या. खिडकीवरची बाई 'पुढचा' असं लिहिलेलं बटण दाबते, स्क्रीनवर पुढचा नंबर आणि खिडकी झळकते, ज्याचा नंबर तो उठतो. एवढंच. एवढ्याशा कामातही मरण कुठे असतं ते टेस्टरला बरोबर माहीत असतं. दोन खिडक्या म्हणजे दोन बायका. दोघींनी एकाच क्षणी 'पुढचा' दाबला तर?

असल्या तपासणीला माणसंही दोन लागतात. सासूबाई आणि सूनबाई ती जोडीनंच करायचे. तो त्याच्या मशीनवर, ती तिच्या मशीनवर, दोघांचं बोट बटणावर. "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि दाबायचं. पुन्हा म्हणायचं, पुन्हा दाबायचं. बाजूचे लोक वैतागायचे. "झाली का तुमची येडी कवायत?" पण ही जिद्दीनं दाबत राहायची, कारण असली चूक लाजाळू असते. शंभरदा बोलावलं तर एकदा दारात डोकावते.

नेमकं त्याच सुमाराला मॅनेजरसाहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब कसलं तरी ट्रेनिंग करून आले होते आणि तोंडात नवे शब्द घोळवत होते.

"हे बघ, आता टेस्टरकडून अपेक्षा बदलल्यात," ते म्हणाले. "दारावर काठी घेऊन उभं राहायचे दिवस गेले. टेस्टरनं टीमला पुढे ढकललं पाहिजे."

"कुठल्या बाजूनं ढकलायचं साहेब? पुढे खड्डा असेल तर?"

साहेब हसले नाहीत. "हेच. हेच म्हणतोय मी. लोक म्हणतात, सगळ्यांचं काम वेळेत होतं आणि तुझ्यापाशी येऊन अडतं. गाडीचा ब्रेक झालीयेस तू."

ब्रेक. एवढी वर्षं जे आपलं अंगचं शहाणपण म्हणून मिरवलं, ते लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं म्हणायचं. ती जागेवर येऊन बसली तेव्हा कान गरम झाले होते. कोण बोललं असेल? समोरची दाढी तर नाही?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दवाखान्याचं काम शेवटच्या तपासणीला तिच्यासमोर आलं. सूनबाई जागेवर नव्हता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते, तिला घेऊन तो डॉक्टरकडे गेला होता. तो येईपर्यंत थांबता आलं असतं. शेजारच्या कुणालाही "जरा इकडे ये, बटण दाब" म्हणता आलं असतं. पण साहेब दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेले होते आणि दोन्ही वेळा तिच्या डोक्यात तो एकच शब्द खणकन वाजला होता.

मग तिनं काय केलं, तर सूनबाईचा लॅपटॉप स्वतःच्या डाव्या हाताशी ओढला. उजव्या हातानं एक खिडकी, डाव्या हातानं दुसरी. स्वतःशीच एक, दोन, तीन. नंबर नीट सरकला. पुन्हा नीट सरकला. असं काही वेळ चाललं आणि मग एकदा, तिच्या डोळ्यांदेखत, स्क्रीनवरचा नंबर एक सोडून पुढे गेला.

ती थबकली. तिच्यातली जुनी सासूबाई लगेच ताठ झाली. पण पाठोपाठ दुसराच कुणीतरी आतून समजुतीच्या सुरात बोलला: डावा हात आहे बाई, सवय नाही, दोनदा पडला असेल. तिनं पुन्हा चार-सहा वेळा दाबून पाहिलं. काही झालं नाही. हातच तो. तिनं 'दोन खिडक्या एकाच वेळी' या ओळीपुढे 'पास' लिहिलं आणि साहेबांना आवाज दिला, "झालं माझं."

"बघ!" साहेब खूश. "जमतं की नाही?"

काम दवाखान्यात लागलं. बरेच महिने सुरळीत चाललं. सूनबाईच्या घरी मुलगी झाली, त्यानं ऑफिसात पेढ्यांऐवजी चॉकलेटं वाटली म्हणून ओरडा खाल्ला. डाव्या हाताचा विषय ती विसरलीही होती.

आणि एका सकाळी दवाखान्यातून तक्रार आली.

एक म्हातारेबुवा रक्त तपासायला उपाशीपोटी आले होते. साखरेचा आजार. चिठ्ठी घेऊन बाकावर बसले, स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचा नंबर आलाच नाही. त्यांच्या अलीकडचा आला, पलीकडचा आला. माणूस शिस्तीचा, नंबर आल्याशिवाय उठायचं नाही म्हणून बसून राहिला. दुपार कलली तेव्हा घेरी येऊन बाकावरून खाली पडला. कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉर्डात आडवा.

मुलानं आकाशपाताळ एक केलं. त्यात सकाळी चिठ्ठीवरून बुवांची खिडकीवरच्या बाईशी चांगलीच वाजलेली, ती चार लोकांनी ऐकलेली. झालं. राग धरून बाईनं मुद्दाम बटण दोनदा दाबलं आणि म्हाताऱ्याचा नंबर उडवला, असं ठरलं. बाई कंत्राटावरची. तिला घरी बसवलं. ती एकच सांगत होती, "मी एकदाच दाबलं." आता दवाखान्याला कंपनीकडून उत्तर हवं होतं: चूक मशीनची की माणसाची? त्यावर बाईची नोकरी टांगलेली.

सगळे साहेबांच्या केबिनमध्ये जमले. सूनबाईनं नोंदी काढल्या होत्या.

"एकाच क्षणी दोनदा 'पुढचा' दाबलं गेलंय," तो म्हणाला. "कुठल्या खिडकीतून ते काही आपण नोंदवत नाही."

"म्हणजे बाईनं दोनदा दाबलं," साहेबांनी विषय संपवला. मग सासूबाईंकडे वळले. "दोन्ही खिडक्या एकदम दाबून तपासल्या होत्यास ना तू?"

केबिनमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.  हात दोनदा पडला असेल. हेच, अगदी हेच ती स्वतःच्या हाताबद्दल म्हणाली होती. स्वतःच्या हाताला तिनं माफ केलं आणि तोच आळ आता एका परक्या बाईच्या हातावर जाऊन बसला होता.

"हो," ती म्हणाली.

शब्द तोंडातून इतका सहज बाहेर पडला, की तिचं तिलाच नवल वाटलं. बाहेर आल्यावर सूनबाईनं हळूच विचारलं, "सासूबाई, जोडीची चाचणी कुणाबरोबर केली होतीत? मी तर त्या दिवशी नव्हतो."

"केली," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

पुढचे दिवस तिनं कुणाच्याच कामात खोट काढली नाही. काढणार कुठल्या तोंडानं? समोर आलं की बघायचं आणि पास करायचं. साहेबांनी तिची पाठ थोपटली. सूनबाईला मात्र घाम फुटला. "पहिल्याच फटक्यात पास? सासूबाई, अंगात ताप आहे का? एकदा ओरडा तरी. मला झोप लागेना."

घरी तेच. म्हातारीनं एकदा जेवताना हातातला घास तसाच ठेवला. "काय झालंय तुला?"

"कुठं काय, आई?"

"आज आमटीत मीठच घातलं नाही मी. विसरले. पोरगं बोंबलतंय, तुझा नवरा तोंड वाकडं करतोय आणि तू चांगली झालीय म्हणून दुसऱ्यांदा घेतलीस."

तिनं ताटाकडे पाहिलं. खरंच, तिला चव लागलीच नव्हती. डोळ्यांसमोर ती बाई दिसत होती. कधी पाहिली नव्हती तरी दिसत होती. एका खोलीत भिंतीला टेकून बसलेली, येईल त्याला सांगणारी, मी एकदाच दाबलं. आणि ऐकणारा प्रत्येक जण आतल्या आत म्हणतोय, हात आहे, पडला असेल दोनदा.

"काही असेल तर बोलून टाक," म्हातारी म्हणाली. "मला सांगू नकोस. माझ्यानं काही होणार नाही. ज्याला सांगायचं त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल ठेवताच ती सूनबाईपाशी जाऊन उभी राहिली. "ऊठ. दोन मशीन घे. एक, दोन, तीन."

त्यानं दुसरा लॅपटॉप ओढला. दोघं बसले. दाबत राहिले. चहा आला, गार झाला. लोक येऊन चेष्टा करून गेले. आणि मग नंबर उडाला. तिच्या खिडकीत आणि त्याच्या खिडकीत एकच नंबर उभा, आणि मधला नंबर कुणाच्याच वाट्याला नाही. जन्मलाच नसल्यासारखा गायब.

सूनबाई पांढराफटक पडला. चूक त्याच्या हातचीच होती. "मग... त्या दिवशी तुम्ही..."

"दोन हातांनी एकटीनं केली. दिसलं होतं मला. हात घसरला असं समजले."

त्यानं दाढीत बोटं घातली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तासाभरात दुरुस्त करतो. पुढच्या बदलांबरोबर गुपचूप सोडून देऊ. कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि खिडकीवरची बाई?"

"तिचं ते बघतील ना. सासूबाई, माझी पोर आत्ता कुठं बाळसं धरतेय. साहेब आधी माझी मान धरतील."

"तुझं लिहिताना चुकलं, ते पकडायलाच मला ठेवलीय ना? तू नको येऊस."

दवाखान्याच्या अधीक्षकांकडे ती एकटीच गेली. त्या दिवशी बाईला जबाबाला बोलावलंच होतं. केबिनबाहेरच्या बाकावर बाई बसली होती. बुटकी, जाड काचांचा चष्मा, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. मनातल्या चित्राशी काही म्हणता काही जुळत नव्हतं आणि त्यामुळे जास्तच लाज वाटली. तिच्याशी काही न बोलता सासूबाई आत गेली.

"मला दोन्ही खिडक्या हव्यात," ती अधीक्षकांना म्हणाली. "आणि बाहेर बसल्यात त्या बाई."

दुपारची सुट्टी होती. दालनात तुरळक माणसं. बाई तिच्या जुन्या खिडकीत बसली, सासूबाई शेजारच्या खिडकीत. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. अधीक्षक स्क्रीनसमोर, हात पाठीमागे.

"काय करायचं?" पलीकडून संशयी आवाज आला.

"मी एक, दोन, तीन म्हणेन. तीनला 'पुढचा' दाबायचं."

"आणि मग पुन्हा म्हणाल, बाईनं दोनदा दाबलं?"

"नाही म्हणणार."

एक, दोन, तीन. काही नाही. पुन्हा. काही नाही. अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं, एकदा खाकरले. बाकावरचा एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "नंबर कसा पळतोय बघ, आणि माणूस एक उठत नाही." पार्टिशनपलीकडून, "बाई, माझं बोट दुखायला लागलं." सासूबाईंच्या मनात आलं, नेमकी आजच ती चूक लाजून बसली तर? ती मोजत राहिली. आवाज आता कवायतीतल्या मास्तरासारखा बसका झाला होता.

आणि नंबर उडाला.

अधीक्षकांनी पुढे होऊन दोन्ही खिडक्यांत वाकून पाहिलं. दोन्हीकडे एकच आकडा. ते सरळ झाले. मग म्हणाले, "हे तुम्ही आधी तपासलं नव्हतं?"

उत्तर तयार होतं. फार क्वचित होतं साहेब, शेकड्यात एकदा, कुणालाही सापडलं नसतं. त्यातला शब्द न् शब्द खराही होता.

"तपासलं म्हणून लिहिलं होतं," ती म्हणाली. "धड तपासलं नव्हतं. एकदा दिसलंही होतं. माझाच हात दोनदा पडला असं धरून पुढे गेले. या बाईंनी एकदाच दाबलं होतं."

पार्टिशनपलीकडे खुर्ची करकरली. बाई उठून उभी राहिली आणि फळीवरून डोकावली. चष्म्यामागचे डोळे ओले नव्हते, नुसते मोठे झाले होते.

"केव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

"तक्रार आली तेव्हाच."

"आणि आज येताय होय?"

"मी माफी मागायला..."

"मला नको ती," बाई म्हणाली. "मी घरात बसले, चार माणसांच्या नजरा खाल्ल्या, ते माझं मी बघेन. हाड त्यांचं मोडलंय. त्यांच्याकडे जा." आणि अधीक्षकांकडे वळून, "साहेब, उद्यापासून येऊ की आत्ताच बसू?"

वॉर्डात शेवटच्या खाटेवर म्हातारेबुवा होते. दोन पायांमध्ये उशी ठेवलेली, दाढी वाढलेली. मुलगा शेजारी उभा राहून औषधाची पट्टी सोलत होता. तिनं कोण, कुठली ते सांगितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी माझी चूक झाली."

"आँ?" बुवांनी कानामागे हात नेला.

"कमी ऐकू येतं त्यांना," मुलगा कोरडेपणानं म्हणाला. "मोठ्यानं बोला."

"माझी चूक झाली!" ती म्हणाली. शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. "मशीन चुकलं! ते तपासायचं काम माझं होतं! मी नीट तपासलं नाही!"

 परिचारिका सुईसकट थांबली. बुवा तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होते.

"म्हणजे माझा नंबर आला होता की नव्हता?"

"नव्हता आला! मशीननं दाखवलाच नाही!"

"म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

तिला प्रश्न कळला नाही. मुलाच्या हातातली पट्टी खाली आली. "तसं नाही बाबा..."

"तसंच," बुवा म्हणाले. "हा म्हणतो तुमचा डोळा लागला असेल. सून म्हणते तुमचं ध्यान नसेल. त्या बाईची तक्रार केली माझ्या नावानं, पण घरचे मलाच ऐकवतात. मी म्हणतोय, मी पापणी मिटली नाही. मग माझंच मला वाटायला लागलं की असेल बुवा, लागला असेल डोळा." त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "झोपलो नव्हतो ना मी?"

"नव्हतात!"

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. बुवांनी मान मागे टाकली, डोळे छताला लावले. चेहऱ्यावर समाधान पसरतंय असं वाटलं आणि तेवढ्यात ते सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "मग आता या कंबरेचं काय करायचं?"

 तिच्या पर्समध्ये फोन थरथरत होता. साहेबांपर्यंत खबर पोचली असणार. तिनं तो बंद केला आणि निघावं की थांबावं ते न कळून उभी राहिली.

"बसा," बुवा म्हणाले. रागानं की कसं, ते काही कळेना. "सून येईल माझी डबा घेऊन. तिलाही सांगा. असंच, मोठ्यानं."

मुलानं पायानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली आणि दाराकडे बघत राहिली.